माश्या बाहेर आहेत

लाकडाच्या वखारीतून,
रविवार, ता. ६ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र हातात पडेपर्यंत तू वहिनीवर ओरडून घेतलं असशील, म्हणून आधी तेच लिहिते. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं. लॉरीची किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावरून मी काढली, फाटक मी उघडलं आणि इंजिन चालू न करता लॉरी उतारावरून मीच खाली सोडली. तुझे भावजी मागून धावत आले आणि वळणावर चढले. त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं की पहाटे उठायचंय, गरम कपडे घाला. बिचारे शिवणकामाची पिशवी तेवढी उचलून निघाले. तुझा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात आहे, तेव्हा तू पाठलाग करणार नाहीस हे मी धरून चालले आहे.

सोमवारी व्यापारी येणार म्हणून तू शेजाऱ्यांकडून माश्यांच्या सगळ्या पेट्या लॉरीवर चढवून, दोर आवळून, वर जाळी टाकून ठेवलीस. एवढी आयती तयारी बघितल्यावर मला दुसरं काय सुचणार? मी पेट्या घेऊन सीमेवरच्या उतारावर निघाले आहे, आपल्या ओट्यावर. दर वसंतात बाबा जायचे, त्यांच्यामागे तू जात आलास. उतार फुलतो त्या दिवशी ओट्यावर ज्याच्या पेट्या, ओटा त्याचा, हा तिथल्या मधपाळांचा नियम तुझ्याच तोंडून मी हजारदा ऐकला आहे. एक वसंत ओटा रिकामा राहिला की दुसरा कुणी तिथे पेट्या मांडतो आणि मग तो कायमचा गेला.

बाबांनी पाठीवरून दगड नेऊन रचलेला तो ओटा. तो तू एका मोडक्या पायापायी सोडणार, पेट्या विकणार, मग घर विकणार आणि शहरात लेकाकडे तिसऱ्या मजल्यावर बसून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघणार. मला हे पटलेलं नाही. हे सगळं ठरवताना तू मला विचारलं नाहीस, म्हणून निघताना मीही तुला विचारलं नाही. फिटंफाट.

आता तू म्हणशील, माशी दिसली की पलंगाखाली शिरणारी ही ताई पेट्या काय नेणार. खरं आहे. नवव्या वर्षी माशी चावून माझं तोंड सुजलं, तेव्हापासून पेट्या हलवायच्या दिवशी बाबा मला घरात कोंडायचे आणि मी खिडकीच्या काचेला नाक लावून तुमची लॉरी जाताना बघायचे. माश्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. पण तीस वर्षं मी शाळेची बस चालवली आहे आणि या लॉरीचा माल त्या मालापेक्षा दंगेखोर असणं शक्य नाही.

डोंगरात फोन लागत नाही आणि सीमेजवळ तर तो बंदच ठेवतात. टपालाची बस मात्र रोज सकाळी वर जाते आणि दुपारी खाली येते. तिच्या कंडक्टरला मी गाठलं आहे. माणूस बडबड्या पण भला आहे. तेव्हा शिव्या द्यायच्या असतील तर लेखी दे, आणि त्यांच्या जोडीला माश्यांचं काय करायचं तेही लिही.

कळावे. लोभ आत्ता नसणारच; तो परत येईपर्यंत मी वाट बघेन.

तुझी,
ताई

ता. क. या लॉरीचा दुसरा गिअर आपोआप सुटतो हे तू मला कधी सांगणार होतास?


घरून,
सोमवार, ता. ७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुपारी मिळालं. सकाळी व्यापारी येऊन गेला, मोठी लॉरी आणि दोन हमाल घेऊन. मी कुबड्यांवर दारात उभा, आणि अंगणात नुसत्या चाकांच्या खुणा. पेट्या कुठे आहेत असं त्याने विचारलं. मी काय सांगणार, मोठ्या बहिणीने पळवल्या म्हणून? या वयात? माश्यांना जरा बाहेर फिरवून आणायला नेलंय असं काहीतरी बोलून गेलो. मी पायावर पडलो की डोक्यावर, असा त्याचा चेहरा झाला. पुढच्या सोमवारी येतो म्हणाला. मी शब्द दिलेला आहे ताई, त्याचं काय?

तू परत फिर. घाटात अजून बर्फ आहे. लॉरी म्हातारी, तू म्हातारी, आणि भावजींना तर शिडीवर चढलं तरी घेरी येते. शिवाय मला एक कळत नाही. पेट्यांच्या जवळ तू जन्मात गेली नाहीस. ओटा तू डोळ्यांनी पाहिलेला नाहीस. पाय माझा, माश्या माझ्या, कष्ट माझे. मग यात तुझं नक्की काय अडलंय? ते एकदा नीट लिही.

माश्यांचा मात्र यात काही दोष नाही, म्हणून पुढचं लिहितो. पहाटेच्या गारव्यात चालवायचं आणि ऊन तापायच्या आत थांबायचं. थांबलीस की वरची जाळी काढून पेट्यांच्या दारांच्या पट्ट्या सरकवून दारं उघडायची. त्या उडतील, पाणी पितील, फुलांवर जातील. दिवसभर कोंडून ठेवल्या तर आत गुदमरून मरतील. सूर्य मावळताना सगळ्या परत येतात, मग दारं लावायची. वाटेतल्या सफरचंदाच्या बागेत थांबलीस तर फवारणी चालू नाही ना, हे मालकाला आधी विचार. फिकट रंगाचे कपडे घाल. हात झटकू नकोस. चावलीच तर काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून काढ. बाकी तुला माहीत आहेच, तू याच घरात वाढलीस.

दुसरा गिअर उतारावर हाताने धरून ठेवावा लागतो. ते काम भावजींना दे.

मी रागावलेलो आहे. राग उतरला की लोभाचं कळवीन. तोवर नुसता नमस्कार.

तुझा,
टिल्लू (वय वर्षे चौपन्न)


सफरचंदांच्या बागेच्या फाट्यावरून,
मंगळवार, ता. ८ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

शिव्या फारच कमी होत्या. तब्येत बरी नाही का?

परत फिरणार नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढच्या पत्रात तुझी शाई वाचेल. गिअर तुझे भावजी धरतात. दोन्ही हातांनी, डोळे गच्च मिटून. दरी त्यांच्या बाजूला आली की ते मला विचारतात, संपली का, आणि मी हो म्हणते. अडतीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी एवढं खोटं कधी बोलले नव्हते. लॉरी थांबली की मात्र डोळे उघडून कामाला लागतात. चाकांखाली दगड लावतात, आणि मग पिशवीतून कपड्यांवर खुणा करायचा खडू काढून प्रत्येक चाकाभोवती जमिनीवर रेघ ओढतात. लॉरी आपल्या नकळत घसरत तर नाही ना, हे त्यांना तासातासाला तपासायचं असतं. मी खूप हसले. पण जाळी दोन ठिकाणी फाटली होती ती त्यांनी अशी रफू केली आहे की फाटली कुठे होती ते मला शोधून सापडेना.

बागेच्या मालकाला विचारलं. फुलं गळेपर्यंत फवारणी बंद आहे म्हणाला, आणि माश्या आल्या म्हणून एवढा खूश झाला की आम्हाला उकडलेले बटाटे आणि चहा आणून दिला. दारांच्या पट्ट्या मी स्वतः सरकवल्या. प्रत्येक पट्टीनंतर केबिनपर्यंत पळून येत होते, खोटं कशाला बोलू. शेवटच्या पेटीशी एक माशीबाई माझ्या तोंडावरच्या जाळीच्या आत शिरलीच आणि खालच्या ओठावर बसली. काटा नखाने काढला, डॉक्टरांची गोळी घेतली. ओठ आता एवढा झाला आहे की चहा पिताना कप आधी त्याला लागतो. भावजी तोंड फिरवून बराच वेळ खोकत होते. मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

पण संध्याकाळ छान गेली. सगळ्या परत येईपर्यंत मी लॉरीच्या पायरीवर बसून राहिले. शाळेच्या बसवर माझा एकच कायदा होता. एक जरी मूल बाहेर असलं तरी चाक फिरवायचं नाही, मग मुख्याध्यापक येवोत नाहीतर त्यांचे वडील. तोच इथे लावला. शेवटच्या दोन-तीन उशिरा आल्या, पायांना पिवळं काहीतरी फासून, चिखलात खेळून आलेल्या पोरांसारख्या. मी त्यांना रागावलेसुद्धा.

पुढे घाटात दरड आणि बर्फ एकत्र आले आहेत, मशीन लावून रस्ता मोकळा करत आहेत, म्हणून उद्याचा दिवस इथेच. तू विचारलंस माझं काय अडलंय. त्याचं उत्तर लांबलचक आहे आणि इथलं टेबल फार हलतं.

कळावे. वहिनीला माझा निरोप सांग आणि तिच्याशी गोड बोल. माझ्यावरचा लोभ उधार ठेवलास तरी चालेल.

तुझी,
ताई


घरून,
बुधवार, ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ओठाचं वाचून ही एवढी हसली की मलाही हसू आलं, आणि हसल्यावर पाय दुखला. तेव्हा त्याचं पाप तुझ्याकडे. पायांना फासलेलं ते पिवळं म्हणजे परागकण. त्या उपाशी नाहीत, पिल्लांसाठी खाऊ नेत आहेत, हे फार चांगलं लक्षण आहे. मला वाटलं होतं हिवाळ्यानंतर निम्म्या पेट्या मरायला टेकल्या असतील.

कंडक्टर खिडकीशी थांबून बोलून गेला. उतारावर कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत आणि शनिवारी नाहीतर फार तर रविवारी सकाळी फुलेल असं म्हणतो. शेजारच्या ओट्यावरचा मिशावाला कधीचाच येऊन बसला आहे आणि आपल्या ओट्याभोवती फेऱ्या मारतो म्हणे. घाट मोकळा झाला की तुझ्या वाटेत फक्त चौकी उरते. चौकीचं वरचं फाटक दिवसाआड उघडतं. शुक्रवारी अंधार पडताना गाड्या सोडतील, त्यानंतर थेट रविवारी रात्री. म्हणजे शुक्रवार चुकला की ओटा गेला. चौकीवरचा साहेब कडक आहे. त्याच्याशी फार बोलत बसू नकोस. हे मी तुला सांगतोय म्हणजे काय, ते माझं मलाच कळतंय.

बघ, या पत्रात मी एकदाही परत फिर म्हणालो नाही. ताई, खरं लिहू का? झाडावर बसलेला माश्यांचा थवा उतरवताना शिडी सरकली आणि मी खाली आलो. तसाच पडून होतो. वर थवा घोंघावत उठला आणि कुंपणापलीकडे निघून गेला. आणि तो जाताना मला हायसं वाटलं. चला, एक काम कमी झालं. जन्मभर ज्याच्यामागे पळालो ते निघून जातंय आणि मला बरं वाटतंय, याची मला फार भीती वाटली. त्याच आठवड्यात मी व्यापाऱ्याला बोलावलं. भीती वाटते तिथून निघून जावं, एवढंच डोक्यात होतं.

लेकाचा फोन होता. आमच्या खोलीला रंग देऊन झाला आहे. ही त्याला बरं बरं म्हणाली. पण आज दुपारी बघतो तर मागच्या वाफ्यात वाटाणे टोचत बसली होती. उन्हाळ्यात ज्या घरातून निघायचं तिथे वाटाणे कोण लावतं?

जपून चालव. लोभ थोडा थोडा येऊ लागला आहे, एकदम मागू नये.

तुझा,
टिल्लू


सीमेवरच्या चौकीपासून,
शुक्रवार, ता. ११ एप्रिल, संध्याकाळ

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

बसून वाच. बसलेलाच असशील, तरी नीट टेकून बस. आज माझ्या हातून एक मोठी चूक झाली. माश्या वाचल्या आहेत, हे आधी सांगते. चूक काय ते क्रमाने लिहिते.

सकाळी लवकर चौकीवर पोचलो. साहेब वयाने आपल्या लेकांएवढा, इस्त्री अशी कडक की भावजींनी मान डोलावली. फाटक अंधार पडताना उघडेल म्हणाला. म्हणजे अख्खा दिवस हातात. ऊन छान होतं, रस्त्याखालच्या कुरणात रानफुलं होती. लॉरी मोकळ्या जागेत लावली, भावजींनी दगड लावले, खडूच्या रेघा ओढल्या, मी दारं उघडली. आता मी पळत नाही बरं का.

दुपारी ऊन चढलं. पेट्यांचे पत्रे हात लावू नये इतके तापले. माझ्या जिवाची घालमेल व्हायला लागली. शाळेची बस तापली की मी ती नेहमी सावलीत घ्यायचे. समोर गोदामाच्या भिंतीची मोठी सावली होती, जेमतेम पन्नास पावलांवर. घेतली लॉरी हळूच तिथे. किती शहाणी मी, असंही वाटलं. आमची जागा मोकळी झाली तशी रस्ता साफ करणारं मशीन तिथे येऊन उभं राहिलं.

थोड्या वेळाने चालकाने केबिनमधून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. बघते तर मशीनवर माश्याच माश्या. काचेवर, दिव्यांवर, पुढच्या फाळावर. आणि त्याच्या आजूबाजूला हवेत, जिथे आमच्या पेट्यांची दारं होती नेमक्या त्याच उंचीवर, ढगच्या ढग नुसते तरंगत होते. कुरणातून भरल्या पायांनी येणारी प्रत्येक माशी तिथेच येत होती आणि दार शोधत होती. पेट्या पन्नास पावलांवर, उघड्या, समोर दिसणाऱ्या. तिकडे एक वळत नव्हती.

टिल्लू, तू लिहिलं होतंस बाकी तुला माहीत आहेच. मला माहीत नव्हतं. त्या पेटी ओळखत नाहीत, सकाळी दारातून निघताना पाहून ठेवलेली जागा ओळखतात, हे या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल, पण मी काचेच्या आत होते. तुला ते सांगायचं सुचलं नाही कारण श्वास कसा घ्यायचा हे कुणी लिहून कळवत नाही. मला मात्र पहिलीतली पोरं आठवली. बस खांबाच्या थोडी पुढे थांबली तरी ती खांबापाशीच उभी राहतात, रडवेली होऊन, कारण बस इथे येते असं त्यांना सांगितलेलं असतं. तेव्हा डोक्यात उजेड पडला की लॉरी होती तिथे, अगदी तिथेच, परत न्यायला हवी.

तेवढ्यात साहेब आला. वरून निरोप आहे, हवा बिघडणार, गाड्या आत्ताच सोडतोय, लॉरी रांगेत लावा. मी म्हणाले माश्या बाहेर आहेत. तो म्हणाला फाटक आता बंद झालं की रविवारी. मी म्हणाले मला माहीत आहे. तो म्हणाला, बाई, हे किडे आहेत. मी म्हणाले हो, आणि ते बाहेर आहेत. त्याने मला नियम वाचून दाखवला, मी पूर्ण ऐकून घेतला. मग सांगितलं की कुणाच्याही हुकमावरून पोर मागे टाकून मी कधी बस हलवलेली नाही, आणि एवढ्या उशिरा ती सवय लावून घेणार नाही. माझा ओठ अजून सुजलेला होता, त्यामुळे ते हवं तितकं रुबाबात निघालं नाही.

मशीनचा चालक काचा वर करून आत घाम पुसत बसला होता. भावजी, तुझे तेच भावजी, माश्यांच्या त्या ढगातून चालत गेले आणि काचेवर टकटक करून खुणेने त्याला मागे घ्यायला सांगितलं. जागा मोकळी झाली. खडूच्या रेघा मशीनच्या चाकांखाली पुसट झाल्या होत्या, पण होत्या. ते जमिनीवर ओणवे होऊन मला हाताने सांगत होते, बोटभर डावीकडे, नखभर मागे, जसं बाहीचं टोक जुळवतात तसं. चाक रेघेत बसलं आणि मी इंजिन बंद केलं. टिल्लू, तो ढग खाली उतरला. दारादारांतून आत ओतल्यासारखा गेला.

पण कुरणातल्या अजून यायच्या होत्या. रांगेतल्या गाड्या एकेक करून फाटकातून गेल्या, फाटक पडलं, आणि मी पायरीवर बसून होते. ओटा गेला हे मला तेव्हा पक्कं कळलं होतं. तरी बसून राहिले. मी रडले, हेही लिहिते, कारण भावजी सांगतीलच. पण ओट्यासाठी रडले नाही. दुपारी त्या हवेत तरंगत होत्या ना, जिथे दार होतं तिथे, ते डोळ्यांसमोरून जात नव्हतं. तू विचारलं होतंस माझं काय अडलंय. ते मला तिथे दिसलं. लिहायला गेले तर नीट लिहिता येत नाही. तू बघितलं असतंस तर तुला कळलं असतं.

सूर्य गेला, सगळ्या आत आल्या, दारं लावली. तेव्हा मशीनचा चालक आला. त्याला उद्या पहाटे वरचा रस्ता साफ करायला जायचं आहे आणि फाटक त्याच्यासाठी उघडणारच आहे. या बया माझ्या मशीनपासून जितक्या लवकर लांब जातील तितकं बरं, असं म्हणून तो आम्हाला साहेबाकडे घेऊन गेला. साहेबाने घड्याळ बघितलं, माझा ओठ बघितला, आणि कागदावर आमच्या लॉरीपुढे रस्ता सफाई असं लिहून शिक्का मारला. वर म्हणाला की निदान झाडू तरी हातात ठेवा.

झाडू भावजींनी मागून आणला आहे. पहाटे निघतो.

कळावे. लोभाचं काय ते तूच ठरव, आज माझ्यात मागायची ताकद नाही.

तुझी,
ताई


ओट्यावरून,
शनिवार, ता. १२ एप्रिल

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पोचलो. उताराची खालची कड जांभळी झाली आहे, वरची अजून हिरवी. मिशावाल्याने आपल्या ओट्याच्या कोपऱ्यात स्वतःची एक पेटी आणून ठेवली होती. मी लॉरी त्याच्या नाकासमोर लावली, खाली उतरले आणि तू टिल्लूची कोण असं त्याने विचारल्यावर मोठी बहीण म्हणून सांगितलं. त्याने उताराकडे पाहिलं, मग पेटीकडे. संध्याकाळपर्यंत वाट बघितली असती, उद्यापर्यंत नाही, असं म्हणाला आणि पेटी उचलून घेऊन गेला. मग परत आला आणि भावजींबरोबर एकेक पेटी उतरवायला लागला. गोड वगैरे काही बोलला नाही. तुझा पाय कुठे मोडला एवढं मात्र चारदा विचारलं.

ओटा मला वाटला होता त्यापेक्षा लहान आहे. इतकी वर्षं मनात तो मैदानाएवढा होता. मी त्याच्या चारी बाजूंनी फिरले, दगडांना हात लावून बघितला. जाळी घातली होती, उगाच शौर्य नको. बाबा आणि तू बसायचात तो सपाट दगड लगेच ओळखू आला, त्याच्यावर मीही बसले. काचेच्या आतून लॉरी जाताना बघायचे तेव्हा तुम्ही इथे यायचात तर. खाली दरीत आपल्या बाजूचा रस्ता आणि पलीकडचा परका डोंगर एकाच उन्हात दिसतात. माश्या कुठेही जातात, त्यांना कुणी कागद विचारत नाही.

ओटा मी राखला. पुढचं तुझं. परवा व्यापारी येईल, तुला जे बरं वाटेल ते कर. पेट्या विकल्यास तरी मी काही बोलणार नाही, निदान बरेच दिवस नाही. भीती वाटते असं तू लिहिलंस ते बरं केलंस. मला रोज सकाळी पट्ट्या सरकवताना वाटते, आणि तरी मी सरकवते, एवढंच मला त्यातलं कळतं.

कळावे. लोभ तुझ्याकडे किती उरलाय ते तपासून कळव.

तुझी,
ताई


घरून,
सोमवार, ता. १४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. चौकीचं पत्र मी हिला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबलो, मग पुढचं तिने मला वाचून दाखवलं.

जागेचं तुला लिहायला हवं होतं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबांनी मला ते कधी सांगितलं तेही आठवत नाही, पेट्यांपाशी राहून ते आपोआप कळलं होतं. तू काचेच्या आत होतीस हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पुढच्या मागच्या सगळ्या गोष्टी आता सविस्तर लिहून पाठवतो, भावजींनाही वाचायला दे.

आज व्यापारी आला, पुन्हा मोठी लॉरी आणि तेच दोन हमाल घेऊन. पेट्या आल्या का म्हणाला. मी म्हणालो माश्या बाहेर आहेत. मग कधी येतील? म्हटलं संध्याकाळी. कोणत्या संध्याकाळी, असं त्याने जरा चिडूनच विचारलं. मी सांगितलं की ते त्यांचं त्या ठरवतील, पण त्या परत येईपर्यंत इथलं काहीच हलवता येत नाही, आणि तुम्ही आता लॉरी घेऊन यायची तसदी घेऊ नका. शब्द मोडला म्हणून हात जोडून माफी मागितली. तो गेला. ही आतून सगळं ऐकत होती. मग वाफ्याला पाणी घालायला गेली.

लेकालाही फोन केला. खोलीला रंग दिलाय तो वाया जायचा नाही, हिवाळ्यात महिनाभर येऊन राहू म्हटलं. तो थोडा हिरमुसला आणि मग पायाचं विचारायला लागला. प्लास्टर निघालं की टपालाच्या बसने वर येतो. तोवर ओटा तुझ्या ताब्यात. मिशावाल्याला सांग, डावा पाय, गुडघ्याच्या खाली, आणि आता पाचव्यांदा विचारू नकोस.

ताई, तू लिहिलंस की बघितलं असतंस तर कळलं असतं. मी बघितलं नाही, पण कळलं. तू एकोणीस वर्षांची असताना या दारातून बाहेर पडलीस. तेव्हापासून सुट्टी लागली की आधी न कळवता याच दाराशी येऊन उभी राहतेस, आणि आत शिरायच्या आधी चौकटीला हात लावतेस. तिकडे शहरात तिसऱ्या मजल्यावर मी तुझ्यासाठी किती का मोठं दार उघडं ठेवलं असतं, तू इथेच आली असतीस. हवेत दार शोधत. आणि मी लॉरी सावलीत घेत होतो, किती शहाणा म्हणून.

घर होतं तिथेच आहे, नखभरही हललेलं नाही. वाटाणे येतील तेव्हा सोलायला ये असं ही म्हणते आहे. न कळवता ये.

लोभ तपासला. पुष्कळ आहे, कमी कधीच नव्हता.

तुझा,
टिल्लू